वाहेदभाईची गादी आणि फुकटचं गणित

२६ जून २०१८
शाळा उघडली. नवी डायरी, नवा पेन. यंदा एकही पान कोरं सोडणार नाही. गेल्या वर्षीच्या डायरीत १९ जुलैपर्यंतच लिहिलं होतं. उरलेली डायरी बायकोला, जयवंताला दिली, किराण्याची यादी करायला. ती खूश.

संध्याकाळी एसटी स्टँडजवळ वाहेदभाईंच्या दुकानात बसलो. वाहेदभाई पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-उशा करतात, जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून दुकान. त्यांची अनीसा आमच्याच शाळेत, यंदा दहावीला. तिला अमरावतीच्या सरकारी पॉलिटेक्निकला जायचं आहे. गणितात निदान साठ पाहिजेत. खाजगी कॉलेजचं नावच नको, म्हणाले. गेल्या साली बोंडअळीनं कापूस खाल्ला, आता लग्नातही कोणी गादी करून नाही राहिलं. नंबर नाही लागला तर पोरगी पिंजणावर बसेल माझ्यासंगं, असं म्हणाले आणि खोकले. पंधरा वर्षांचा कापूस छातीत आहे त्यांच्या.

दहावीचं गणित धर्मपाल सर शिकवतात, पण त्यांना निम्मं वर्ष मतदार याद्यांच्या कामाला नेतात. म्हणून वाहेदभाई तिला क्लास लावायला निघाले होते. मी अडवलं. चार माणसांसमोर म्हटलं, क्लास कशाला? नेटवर जगातलं सगळं गणित फुकट पडलं आहे. फक्त निवडणारा पाहिजे. दर रविवारी सकाळी नऊला पाठवा, मी बसवतो.

वाहेदभाईंचे डोळे भरून आले. चहावाल्याने माझे पैसे घेतले नाहीत.

मी पाचवी ते सातवीला शिकवतो. पण दहावी म्हणजे तेच, जरा लांब.

१ जुलै, रविवार
अनीसा नऊला पाच मिनिटं कमी असताना आली. वही, कंपास, नवं पुस्तक. मी म्हटलं, पुस्तक ठेव बाजूला. पुस्तक ही जुनी टेक्नॉलॉजी. आधी मटेरियल जमा करू, मग शिकू. तिने विचारलं, किती दिवस लागतील? मी म्हटलं, एक रविवार.

ती स्वयंपाकघरात जयवंताजवळ बसून मग गेली.

दुपारी ४० लिंका जमवल्या. छान वाटलं.

४ जुलै
वाहेदभाईंनी गादी पाठवली. सायकलरिक्षावर. कोणी सांगितलं होतं? पाच बाय सहा, नवा कापूस, निळ्या पट्ट्यांचं कापड, काठाला दुहेरी टाका. निरोप असा की, सर पोरीसाठी जागून राहिले, त्यांची कंबर धरायला नको.

नको म्हणणार होतो. पण रिक्षावाला उन्हात उभा होता.

दिवाणावर टाकली. दहा मिनिटं पडून पाहिली. उठलो तेव्हा साडेपाच.

१५ जुलै, रविवार
१४० लिंका. फोल्डर केलं, नाव दिलं 'दहावी गणित मिशन'. त्यात 'बीजगणित', 'भूमिती' आणि 'इतर' असे तीन उपविभाग. 'इतर'मध्ये सगळ्यात जास्त आहे. एका परदेशी माणसाने कागदाचा पतंग करून कोन शिकवले आहेत, तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. मराठीत नाही, पण काय हात आहे त्याचा!

अनीसा आली होती. म्हटलं, चाळणी लावून राहिलो. बाजारातून सगळीच वांगी उचलत नाही ना आपण, दाबून पाहतो. ती म्हणाली, हो सर. पोरगी समजदार आहे. पण जाताना चपला फार हळू घातल्या. वाईट वाटलं. पाऊण तास वाटलं.

२२ जुलै, रविवार
जिल्ह्याला जावं लागलं नाही, पण अनीसाला जावं लागलं असं कळवलं.

२३ जुलै
काल खोटं बोललो. लिहून ठेवतो म्हणजे पुन्हा होणार नाही. ठराव : खोटं बंद.

९ ऑगस्ट
दुसऱ्याच्या व्हिडिओंवर किती दिवस अवलंबून राहायचं? आपलंच चॅनल काढलं. आज पहिला व्हिडिओ. विषय : ओळख. माझं बालपण, माझे गुरुजी, वऱ्हाडात गणिताची स्थिती. अडतीस मिनिटं झाली. गणित पुढच्या भागात.

जयवंताने मोबाइल धरला. हात हलला म्हणून रागावलो. ती म्हणाली, अडतीस मिनिटं काय मुतखडा होईपर्यंत उभी राहू?

२१ ऑगस्ट
चॅनलला चौदा व्ह्यू. त्यातले नऊ माझे. उरलेले पाच कोण, हे शोधलं पाहिजे.

२ सप्टेंबर, रविवार
जुना मोबाइल जयवंताला दिला. त्याची चार्जिंगची पिन ढिली आहे, वायर हाताने दाबून धरावी लागते. ती हौसेने धरून बसते. एका हाताने वायर, दुसऱ्या हाताने मोबाइल, मांडीवर भाजीची परात. सिरियल पाहत असेल. बायकांना एकदा फुकट डेटा मिळाला की संपलं.

अनीसा आलीच होती. मी नव्या प्लॅनचा तक्ता करत होतो, चार रंगात. तिला सांगितलं, काकूजवळ बस. दोघी स्वयंपाकघरात दोन तास. हसण्याचे आवाज. मला तक्त्यात एकाग्र होता येईना, म्हणून दार लावून घेतलं आणि जरा पडलो.

गादी फार चांगली आहे. तीच अडचण आहे.

१० सप्टेंबर
घटक चाचणी. अनीसाला गणितात चाळीसपैकी अकरा.

धर्मपाल सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, तुम्ही शिकवून राहिले ना तिला? मी म्हटलं, पायाभरणी चालू आहे. ते म्हणाले, घर कधी?

आजपासून एसटी स्टँडचा रस्ता सोडला. जिनिंगच्या मागून घरी येतो. सहाशे मीटर जास्त पडतात. जाऊन-येऊन बाराशे. वर्षाचे दोनशे वीस दिवस धरले तर दोनशे चौसष्ट किलोमीटर. वजन उतरेल.

२२ सप्टेंबर
जयवंता एक दिवस माहेरी धामणगाव रेल्वेला गेली. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे म्हणे, आधारवर जन्मतारीख चुकली आहे. पंचवीस वर्षांनी आठवलं! मी म्हटलं, तारीख चुकली तर चुकू दे, कोणाला तुझं वय सांगायचं आहे? ती हसली नाही.

तिची दहावी राहून गेली, त्याची आठवण झाली. मार्चमध्ये परीक्षा होती आणि मार्चमध्येच लग्न झालं, आमच्याकडच्यांना घाई होती. पाहायला गेलो तेव्हा मी तिच्या वडिलांसमोर छातीवर हात ठेवून म्हटलं होतं, गणिताचा मास्तर आहे, पोरीला मी स्वतः शिकवून परीक्षेला बसवीन.

बसवणार होतो. मग पोळा आला, मग दिवाळी. तसं पाहिलं तर पंचवीस पोळे आले.

पाहुण्यांसमोर मी गंमत करतो की गणिताच्या मास्तरची बायको नववी पास. आता नाही करणार. ठराव.

१४ ऑक्टोबर, रविवार
घात झाला.

४१२ लिंका, बत्तीस जीबीचं कार्ड गच्च भरलेलं, वर्षभराचा कोर्स तयार. दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरुवात करायची म्हणून अनीसाचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. अर्थनियोजन म्हणून धडा. त्यात जीएसटी. माझ्या ४१२ लिंकांत जीएसटी कुठेच नाही. बाकीच्या धड्यांचाही क्रम लागेना.

धर्मपाल सरांना फोन केला. ते म्हणाले, अहो, दहावीचा अभ्यासक्रम यंदाच बदलला. पूर्ण तालुक्याले माहीत आहे, पाचवीच्या पोरांलेही माहीत आहे. तुमी काय गोळा करून राहिले चार महिने?

मी जुना अभ्यासक्रम गोळा करून राहिलो होतो.

त्यांनी आणखी एक सांगितलं. प्रत्येक पुस्तकावर चौकोनी ठिपक्यांचा कोड छापला आहे. मोबाइल धरला की त्या त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. फुकट. मराठीत. पुस्तकाचं पीडीएफही बालभारतीच्या साइटवर आहे, तेही फुकट. म्हणजे मी चार महिने जे शोधलं, ते पोरीच्या दप्तरात होतं. आणि मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, पुस्तक ठेव बाजूला.

अनीसा समोरच बसली होती. तिला काय सांगू? म्हटलं, पोरी, नव्या अभ्यासक्रमासाठी नवी योजना करावी लागेल. ती म्हणाली, चालेल सर. आणि उठून काकूकडे गेली.

गादीवर पडलो. झोप आली नाही. उजव्या बाजूला सरकी राहिली असावी, टोचते.

१५ ऑक्टोबर
सरकी नाही. उसवून पाहिलं.

११ नोव्हेंबर, रविवार
दिवाळी झाली. सुट्टीत रोज दोन तास शिकवायचं पक्कं होतं. पण भाऊबीजेला बहिणीकडे वलगावला जावं लागलं, आणि तिथे तीन दिवस भरीत-भाकरी. नाही म्हणता येत नाही.

परत आलो तर जयवंताने विचारलं, वर्गसमीकरणात a शून्य असला तर त्याले वर्गसमीकरण काहून नाही म्हणत?

मी म्हटलं, वरणात मीठ कमी आहे.

नंतर वाटलं, हिला a कुठून माहीत? पोरीचा परिणाम. पोरगी घरात आली की चार शब्द घरात सांडतातच.

२ डिसेंबर, रविवार
पिठाच्या डब्यामागे कंपास सापडला. अनीसा विसरली असेल. आणि दोन ताटांवर पेन्सिलीच्या रेघा! ताट ठेवून वर्तुळं काढतात वाटतं. बोलणार होतो, पण शिकवत मी नाही, मग ताटावरून काय बोलू? गप्प जेवलो. जयवंताने गरम पोळी वाढली. त्याने आणखी वाईट वाटलं.

३० डिसेंबर, रविवार
थंडी भयंकर. अनीसा आली, स्वयंपाकघरात दोघी अकोटच्या जुन्या सतरंजीवर, खालून फरशी बर्फ. मी बाहेरच्या खोलीत दिवाणावर, गादीवर, रजईत. दाराच्या फटीतून दिसत होतं. अनीसा पाय आखडून बसली होती. जयवंताने तिच्या पायावर आपली शाल टाकली आणि मोबाइलची वायर धरून राहिली.

ही गादी त्या पोरीच्या बापाने केली. ती फरशीवर बसते आणि मी गादीवर. हे गणित मला येतं. याला कोड लागत नाही.

उठून गादी आत नेऊन टाकावी, असं पक्कं ठरवलं. फक्त ऊन पडायची वाट पाहिली. ऊन पडलं तेव्हा ती घरी गेली होती.

१९ जानेवारी २०१९
सराव परीक्षा. अनीसाला शंभरात सदुसष्ट!

स्टाफरूममध्ये पेढे मीच वाटले. पायाभरणी, म्हटलं धर्मपाल सरांना, पायाभरणी! त्यांनी चष्म्यावरून पाहत पेढा उचलला.

खरं काय ते मला माहीत आहे. मी एकही उदाहरण शिकवलं नाही. पण वातावरण माझं होतं. घर माझं, वायफाय माझं. झाडाला पाणी घालणारा एक, पण आळं कोणाचं?

हे वाक्य लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. बरोबर वाटत नाही. खोडत नाही, नाहीतर पान खराब होईल.

१७ फेब्रुवारी, रविवार
शेवटचा रविवार. अनीसा पाया पडायला आली. मी म्हटलं, अगं राहू दे. मनापासून म्हटलं, कारण माझ्या पायांचा यात काहीच संबंध नव्हता. डोळ्यात पाणी आलं. तिला वाटलं आशीर्वादाचं.

२६ फेब्रुवारी
जयवंता माहेरी निघाली. तिच्या वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, महिनाभर मदतीला राहावं लागेल. बॅगेत दोन साड्या आणि इतकं वजन? उचलली तर दगड. म्हणाली, लोणचं आहे.

जाताना म्हणाली, तुमी यंदा परीक्षेले कुठं सुपरविजनले? म्हटलं, अकोटातच. म्हणाली, बरं झालं.

का बरं झालं, ते विचारायचं राहिलं. गाडी सुटली.

१३ मार्च
खिचडी. सलग आठवा दिवस. वहिनीला फोन केला, गुडघा कसा आहे विचारलं. वहिनी म्हणाली, कोणाचा? मग म्हणाली, हां हां, बरा आहे, बरा आहे. बाई औषधाच्या गुंगीत असावी.

जयवंताला विचारलं, काय करून राहिली? म्हणाली, पेपर पाहून राहिली. धामणगावात पेपर लवकर येतो वाटतं.

घर फार शांत आहे. गादीवर पडलं की छताकडे लक्ष जातं. पंचवीस वर्षांत ही एवढे दिवस कुठे गेली नव्हती.

२५ मार्च
आली. वाळली आहे. पण चेहरा वेगळाच. लोणचं आणलं नाही.

८ जून, दुपारी १.१०
दहावीचा निकाल ऑनलाइन. वाहेदभाई आणि अनीसा घरीच आले. वाहेदभाईंच्या खांद्यावर जुन्या चादरीत बांधलेलं मोठं गाठोडं. मी त्यांना नऊ महिन्यांनी समोरासमोर पाहत होतो. साइट उघडेना. मोबाइल अनीसाच्या हातात.

१.२५
गणितात एक्क्याऐंशी! वाहेदभाई खोकले आणि रडले, दोन्ही एकदम. पॉलिटेक्निक पक्कं म्हणायला हरकत नाही.

मी म्हटलं, मी काय केलं, सगळं पोरीनंच केलं. सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं.

१.४०
अनीसाने दुसरा नंबर टाकला. मी विचारलं, हा कोणाचा? ती म्हणाली, काकूचा.

कोणत्या काकूचा?

जयवंताचं नाव, सासऱ्यांचं आडनाव, सगळं पडद्यावर. दहावी, बाहेरून, सतरा नंबरचा फॉर्म भरून, केंद्र धामणगाव रेल्वे. गणित : एकसष्ट. मराठी : बहात्तर. विज्ञान, सामाजिक शास्त्र, हिंदी पास. इंग्रजी : एकोणतीस. नापास.

म्हणजे गुडघा नव्हता. लोणचंही नव्हतं. बॅगेत पुस्तकं होती, आणि पेपर म्हणजे तो पेपर. जुनी डायरी तिने समोर ठेवली. माझ्या १९ जुलैनंतरच्या पहिल्या पानावर किराण्याची यादी, तेल आणि तूरडाळ. पुढे शेवटापर्यंत गणित. वर्गसमीकरणं, जीएसटी, ताटाची वर्तुळं. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं.

अनीसा आधी शिकायची आणि काकूला समजावायची. समजावताना जे अडायचं ते दोघी मिळून पुस्तकावरच्या कोडमधून पुन्हा पाहायच्या. पोरीने सांगितलं, मले काकूनंच शिकवलं सर. काकू म्हणाली, मले अनीसानं. दोघींनी माझं नाव घेतलं नाही, म्हणजे वाईट म्हणून नाही, सहजच राहून गेलं.

२.१५
वाहेदभाईंनी गाठोडं सोडलं. लहान गादी, दोघींपुरती. भाभी के लिए, म्हणाले, थंडीत फरशीवर बसल्या ना. मग माझ्याकडे वळून विचारलं, सर, वो पहलेवाली बराबर है ना? नींद आती?

मी म्हटलं, येते.

ते म्हणाले, आप रोज जिनिंग के पीछे से जाते, मैं देखता. सोचा डॉक्टर ने चलने को बोला होगा. म्हणून आवाज नाही दिला.

आता मी काय करायचं? लाज वाटली. हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

५.३०
सगळे गेल्यावर जयवंताजवळ बसलो. म्हटलं, चुकलो. जून ते फेब्रुवारी चुकलो, आणि त्याआधी पंचवीस वर्षं. ती म्हणाली, माहीत आहे.

मी म्हटलं, इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको. जुलैत पुन्हा परीक्षा आहे. नेटवर इंग्रजी सगळं फुकट आहे. आज रात्रीच लिंका जमा करतो, फोल्डर करतो, चार रंगात तक्ता...

ती म्हणाली, तुमी काहीच जमा करू नका. अनीसा येणार आहे उद्या नऊले. तुमी फक्त हा मोबाइल चार्जिंगले लावा.

५.५०
लावला. पिन ढिली आहे. वायर धरून बसलो आहे.